कच्चा आराखडा

"टीचर, तुम्हाला उत्तर माहीत असतं ना? मग आम्हाला कशाला विचारता?"

सहावी 'ब'मधली श्रिया हे उभं राहून म्हणाली. उद्धटपणे नव्हे, दुकानदाराला सुटे आहेत का विचारावं तितक्या सरळपणे. मी फळ्याशी खडू घेऊन उभी होते. बी.एड.चं दुसरं वर्ष, वर्तकनगरमधली ही शाळा मला सरावासाठी मिळालेली, आणि मी नुकतंच वर्गाला विचारलं होतं, सूर्य कोणत्या दिशेला उगवतो. सहावीतल्या मुलांना हे विचारावं इतकी काही मी बावळट नाही. पण भूगोलाच्या पाठाची प्रस्तावना अशाच प्रश्नांनी करायची असते. आधी सूर्य, मग दिशा, मग नकाशा, आणि मग हसऱ्या चेहऱ्याने म्हणायचं, 'तर मुलांनो, आज आपण आराखडा आणि नकाशा यांचा अभ्यास करणार आहोत.' याला हेतुकथन म्हणतात. या शाळेतली मुलं वर्षानुवर्षं आमच्यासारख्यांचे सराव पाठ झेलत आलीत, त्यामुळे पाठाच्या पायऱ्या त्यांना आमच्याहून पक्क्या ठाऊक. माझ्या मैत्रिणीला, अंतराला, तर एका मुलीने पाठ संपताना हळूच आठवण करून दिली होती, 'टीचर, तुमचं हेतुकथन राहिलं.' तेव्हा श्रियाच्या बोलण्याने मी दचकायचं खरं तर काही कारण नव्हतं. मी म्हटलं, "तुम्हाला येतं की नाही ते बघायला विचारते." "आणि नाही आलं तर?" "तर मी सांगीन." "मग आधीच सांगा ना," ती म्हणाली, आणि वाद मिटल्यासारखी खाली बसली. मागच्या बाकावर वह्या तपासत बसलेल्या सुमेधाबाई, म्हणजे त्यांच्या वर्गशिक्षिका, मान वर न करता "श्रिया, बस" म्हणाल्या, तेव्हा ती बसलेलीच होती. वर्ग हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. सगळे माझ्याकडे बघत राहिले, आता ही काय म्हणते म्हणून.

मी पुढे गेले आणि पाठ चांगला केला. ही आत्मस्तुती नाही. मला शिकवता येतं हे मला पूर्वीपासून ठाऊक आहे, काही जणींना आपल्या पोळ्या गोल येतात हे ठाऊक असतं तसं. आवाज पोचतो, खडू नीट चालतो, आणि शेवटच्या बाकावरच्याची मान कलणार असेल तर मला ती कलायच्या आधी कळतं. तरी शाळेतून निघून नाक्याकडे चालताना तो प्रश्न दाढेत अडकलेल्या शेंगदाण्यासारखा झाला. जीभ पुन्हा पुन्हा तिकडेच. रिक्षावाल्याने विचारलं, "किधर जाना है?" त्याला ते माहीत नव्हतं. पेरूवालीने विचारलं, "मीठ लावू का?" तिलाही माहीत नव्हतं. तेवढ्यात आईचा फोन आला, "जेवलीस का गं?" तिला तर अजिबातच माहीत नव्हतं, आणि मी हो म्हणेपर्यंत तिचा जीव खालीवर. सगळं ठाणं एकमेकांना प्रश्न विचारत होतं आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला खरोखरच काहीतरी हवं होतं. उत्तर ठाऊक असून विचारणारे शाळेबाहेर दोघंच, पोलीस आणि नवी सासू. आणि त्या दोघांनाही आपण खरं सांगत नाही, त्यांना हवं असतं ते सांगतो. मी एकटीच हसले. पण हसता हसता एकदम वाईट वाटलं. पहिलीपासून बी.एड.पर्यंत मला किती प्रश्न विचारले गेले असतील. गंगेचा उगम, पाण्याचं सूत्र, तहाची कलमं. मी हात वर करून करून मोठी झाले. पण जे फक्त मलाच माहीत होतं, असं काही शाळेत कुणी कधी विचारलं नव्हतं. आमच्या डोंबिवलीजवळच्या मानपाड्याच्या चाळीमागे दुपारी कंपनीच्या भोंग्याबरोबर सगळी कावळ्यांची टोळी कुंपणावर का येऊन बसायची, हे मला माहीत होतं. भोंगा झाला की डबे उघडतात, हे कावळ्यांनाही कळलं होतं. 'पक्षी' या विषयावर मी निबंध लिहिला त्यात मोर होता. मोर मी पाहिलेला नव्हता.

यावर आमच्या अभ्यासक्रमात एक आख्खं प्रकरण आहे. चिकित्सक अध्यापन. प्रभाकर सर शिकवतात, म्हणजे लिहून देतात. सर गोरेपान, शर्टाच्या बाह्या कायम मनगटापर्यंत बटणबंद, आणि बोलणं पुण्याचं, प्रत्येक शब्द इस्त्री केलेला. "लिहून घ्या. विद्यार्थी म्हणजे रिकामे भांडे नव्हे. पूर्णविराम. शिक्षकाने ज्ञान ओतू नये, स्वल्पविराम, तर विद्यार्थ्याच्या अनुभवातून ते घडू द्यावे. पुढचा मुद्दा." आणि आम्ही सगळी रिकामी भांडी माना खाली घालून ओतून घेत होतो. मी अंतराच्या कानात म्हटलं, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ती फिसकन हसली तेव्हा सर थांबले आणि म्हणाले, "शंका असल्यास शेवटी विचाराव्यात." शेवटी घंटा झाली. परीक्षेला प्रश्न आला, चिकित्सक अध्यापनाची वैशिष्ट्ये स्पष्ट करा. मी सगळी घोकलेली होती, सगळी लिहिली, उत्तम गुण पडले. घोकंपट्टी वाईट असते हे मी घोकून लिहिलं आणि त्याबद्दल माझी पाठ थोपटली गेली, यातली गंमत मला त्या दिवशी कळली तशी आजही कळते. सरांचा मला राग येत नाही. माणूस मनाने फार चांगला. एकदा जिन्यात भेटले तेव्हा मी धीर करून म्हटलं, सर, तुम्ही जे लिहून दिलंत ते तुम्हाला पटतं का? ते कठड्याला हात लावून उभे राहिले. म्हणाले, "मनापासून पटतं, संचिता. पण अभ्यासक्रम कोण पूर्ण करणार?" आणि असे काही माझ्याकडे बघत राहिले की वाटलं, हे खरंच विचारतायत. मग आमची शैक्षणिक सहल खडवलीला नदीवर गेली, तर तिचा अहवाल सरांनी आदल्या आठवड्यातच लिहून घेतला, ऐनवेळी घाई नको म्हणून. 'नदीचे पाणी निर्मळ व खळाळते होते. काठावरील वृक्षराजी पाहून विद्यार्थी हरखून गेले.' प्रत्यक्षात पाणी गुडघाभर, दगडांवर शेवाळ, आणि काठावर कुणी टेम्पो धूत होतं. आम्ही कांदाभजी खाल्ली, पाय भिजवले, एकमेकींचे फोटो काढले आणि हरखूनही गेलो, पण वृक्षराजीमुळे नाही. येताना मी अंतराला म्हटलं, आपण नदीला भेटायला गेलोच नाही, आपला अहवाल बरोबर आहे का ते तपासायला गेलो. ती म्हणाली, "तू ना, जास्त विचार करतेस. जॉब बघ आधी."

जॉब हाच मुद्दा होता, तिचं बरोबर होतं. या वर्तकनगरच्या शाळेत जूनपासून भूगोलाची जागा रिकामी होणार होती, तासिका तत्त्वावर, पण जागा. संस्था सुमेधाबाईंच्या शब्दावर माणूस घेते हे सगळ्यांना ठाऊक. आणि बाईंनी मला सांगितलं होतं, "गुरुवारचा वार्षिक पाठ नीट कर. प्रभाकर सर आणि मी, आम्हीच गुण देणार आहोत. मग तुझं नाव मी वर घालते." हे नाही झालं तर मानपाड्याला घराजवळचा एक क्लास माझी वाटच बघत होता, जिथे मुलांना पुस्तक उघडूसुद्धा देत नाहीत, थेट उत्तरं देतात. तिथे मी उन्हाळ्यात एक महिना शिकवलं होतं. महिन्याच्या शेवटी माझा आवाज मलाच स्टेशनवर घोषणा करणाऱ्या बाईसारखा वाटायला लागला. तिथे परत जायचं नाही, एवढं मी ठरवलेलं. मला शाळा हवी होती. घंटा, मैदान, रडणारी मुलं, वेळापत्रक, सगळं.

श्रियाच्या प्रश्नाचं मी घरी पप्पांना सांगितलं. पप्पा, दौलत, पहिल्या पाळीहून आले की गच्चीतल्या कठड्याशी चहा घेऊन उभे राहतात, बसत नाहीत. दिवसभर कंपनीत उभंच राहायची सवय. कराडकडच्या गावातली त्यांची शाळा मी ऐकून ऐकून पाहिल्यासारखी झालीय, गुरुजींचा निरगुडीचा फोक, शेणाने सारवलेली जमीन. "आमच्या वेळी असं इचारलं असतं ना कुणी," ते म्हणाले, "तर गुरुजींनी सालटं काढलं असतं. म्हणून तर माणसात आलो." हे वाक्य आलं की मी भांडते, हा आमचा ठरलेला कार्यक्रम. पण त्या दिवशी मी भांडले नाही, विचारलं, "पप्पा, तुम्ही माझ्या शाळेत पालकसभेला यायचात. तिथं काय विचारायचात?" ते म्हणाले, "काय विचारणार. बाई म्हणायच्या, काही अडचण? सगळे म्हणायचे, नाही. मग चहा." मग त्यांनी चहा संपवला. म्हणाले, "एक विचारायचं होतं तसं. तू घरात शाळेतलं काय बोलायची नाहीस. म्हटलं, तिथं तरी बोलते का पोरगी? एवढंच." "मग विचारलं का नाही?" "कसं विचारायचं? त्यांच्या प्रश्नात ते नव्हतं ना." त्यांनी कप धुवायला आत नेला. मला एकदम भरून आलं. इतकी वर्षं माझ्याबद्दलचा एक प्रश्न खिशात घेऊन हा माणूस सभेला जात होता आणि चहा पिऊन परत येत होता. मी शाळेत बोलत होते का? बोलत होते की, सारखी बोलत होते. विचारलेलं सगळं सांगत होते.

बुधवारी सुमेधाबाईंनी मला शाळा सुटल्यावर थांबवलं आणि वर्ग 'बसवून' घ्यायला सांगितलं. हा शब्द मी त्यांच्याकडूनच शिकले. नाटक बसवतात तसा वर्ग बसवायचा. उद्याचेच प्रश्न आज विचारून ठेवायचे, आणि हातांचा नियम पक्का करायचा. उत्तर येत असेल त्याने उजवा हात वर करायचा, येत नसेल त्याने डावा. मागे बसलेल्या परीक्षकांना नुसते हातच हात दिसतात, आणि आपण उजव्यांतलाच एक निवडायचा. "फसवणूक नाही हं ही," बाई म्हणाल्या, "डाव्या हातवाल्या मुलाला पण वाटतं की आपण भाग घेतला." बाईंचं वय पन्नाशीपुढचं, सुती साडी, केसात एकच चाफा, आणि त्यांना पाहिलं की अख्खा मजला गप्प होतो. हात वर करायचं हे तंत्र माझ्या डोंबिवलीच्या शाळेतही होतंच. मी कायम उजव्यांतली. तेव्हा माझ्या डोक्यात कधी आलंच नाही की डाव्या हातांनाही काहीतरी माहीत असेल, फक्त विचारलेलं ते नसेल. मी बाईंना हो म्हटलं. सूर्य कुठे उगवतो, नकाशावर उत्तर दिशा कुठे असते, चिन्हे आणि खुणांचा उपयोग काय, सगळं एकदा घेतलं. मुलांनी छान केलं. श्रियाने उजवा हात केला आणि 'पूर्व' म्हणाली, आणि माझ्याकडे अशी बघत बसली की जणू तीच मला समजून घेतेय, बिचारीला नोकरी हवीय.

गुरुवारी सकाळी शाळेच्या जिन्यात मी ठरवलं, बसवलेला पाठ घ्यायचा नाही. ठरवलं म्हणजे काय, पायच त्या बाजूला वळले. माझं काहीतरी बिघडेल असं मला वाटलं नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. मला वाटलं, घोडामैदान जवळच आहे, बघूच. वर्गात गेले. मागे प्रभाकर सर, त्यांच्या शेजारी सुमेधाबाई. मी फळ्याच्या मधोमध एक चौकोन काढला. "ही आपली शाळा." एक जाड रेघ काढली. "हा मोठा रस्ता. तुम्ही सगळे घरून इथं येता. जवळचा रस्ता सोडून लांबच्या रस्त्याने कोण येतं? आणि का?"

दोनचार उजवे हात अर्धे वर गेले आणि थबकले, काही डावे निघाले आणि ओशाळून खाली आले. या प्रश्नाला कुठला हात, हे कुणालाच कळेना. सरांचं पेन थांबलेलं दिसलं. सुमेधाबाई माझ्याकडे बघत नव्हत्या, खिडकीकडे बघत होत्या. ओठांवर 'सूर्य' आलासुद्धा, एक शब्द बोलले असते की सगळं रुळावर. मी तो गिळला. शेवटी पहिल्या बाकावरचा अनिमेष, वर्गातला हुशार समजला जाणारा, काकुळतीला येऊन म्हणाला, "टीचर, नक्की कुठलं उत्तर पाहिजे?"

"मला माहीत नाही रे," मी म्हटलं. "मी इथं राहत नाही. मानपाड्याला राहते."

तेवढ्याने काहीतरी सैल झालं. अनिमेषच म्हणाला, "मी गिरणीवरून येतो. मधल्या गल्लीत एक काळा कुत्रा आहे, तो फक्त दप्तरवाल्यांवर भुंकतो." वर्ग हसला. मी गिरणी काढली, मधली गल्ली काढली. "मग नकाशात कुत्र्याची खूण काय करायची?" पुस्तकात मंदिराची खूण असते, दवाखान्याची, विहिरीची, रेल्वेमार्गाची. कुत्र्याची नसते. एकीने सुचवलं, त्रिकोण. बरं, त्रिकोण. मग बोलणी सुरूच झाली, हात वर न करता, एकमेकांना तोडत. कुणी म्हणालं, उघडं गटार. कुणी म्हणालं, तिथे पप्पांचा एक मित्र बसतो तो सारखा इंग्लिशमध्ये विचारतो. मग खिडकीजवळची एक मुलगी, कधीच न बोलणारी, खालच्या आवाजात म्हणाली, "मोबाईलच्या दुकानासमोरून नाही जात मी. तिथं मोठी मुलं बसतात." कुणी हसलं नाही. "मी पण नाही," दुसरी म्हणाली. "मी पण," तिसरी. मी तिथे तीन त्रिकोण केले, आणि खडू दाबल्यामुळे तुटला. फळा भरत चालला. रस्ते, गल्ल्या, गिरणी, त्रिकोण. मी आनंदात होते. दोन वर्षांत घोकलेलं सगळं इथे समोर उभं होतं, आणि ते मी करत होते, मी, संचिता, आणि ते येत होतं मला. इतक्यात श्रिया उठली.

"मी समोरच्या गेटने येत नाही," ती म्हणाली.

"का?" मी विचारलं, त्याच उत्साहात.

"समोर सुमेधाबाई उभ्या असतात ना. लेट झालं की ग्राउंडवर उभं करतात, सगळ्यांसमोर. मम्मीची फर्स्ट शिफ्ट असते, छोट्या भावाला मावशीकडे सोडून येते मी, मग होतंच लेट. मागच्या गेटला रतनमामा सोडतात."

सगळा वर्ग एकदम मागे वळून बघायला लागला. मी बघितलं नाही, मला बघवलं नाही. रतनमामा म्हणजे शाळेचे शिपाई. एका दमात पोरीने स्वतःला, त्यांना आणि मला एकदमच फळ्यावर आणलं होतं, आणि आणायला लावलं होतं मी. खरं उत्तर मागायला धीर लागतो असं मी समजत होते. ते आल्यावर कुणाच्या अंगावर पडेल हे आधी बघायला लागतं, ते कुणी लिहून दिलं नव्हतं आणि मलाही सुचलं नव्हतं. श्रिया अजून उभी होती. तिला आता कळायला लागलं होतं, चेहरा उतरायला लागला होता. नोकरी, जून, सगळं मला त्या क्षणी दिसलं, खोटं कशाला बोलू. 'बरं, बस' म्हणून पुढे जाता आलं असतं. पण मग तो कुत्रा, ती दुकानासमोरची मुलं, ते तीन त्रिकोण, सगळंच नुसती करमणूक झाली असती. आणि खिडकीजवळची ती मुलगी पुन्हा वर्षभर बोलली नसती. मी चौकोनाच्या पुढच्या बाजूला गेट काढलं आणि तिथे एक त्रिकोण काढला. मग मागच्या बाजूला दुसरं गेट काढलं. "शाळेत यायला दोन वाटा आहेत," मी म्हटलं, "नकाशात दोन्ही पाहिजेत. श्रिया, बरोबर दाखवलंस. बस." आवाज माझाच होता. मग घंटा झाली.

प्रभाकर सर व्हरांड्यात भेटले. "संकलन नाही, स्वाध्याय नाही, हेतुकथन तर मला शोधूनही सापडलं नाही," ते म्हणाले. "मला गुण पायऱ्यांचे द्यावे लागतात, संचिता. ते मी कमीच देणार." मी मान हलवली. जाता जाता ते पुन्हा थांबले. "ती खिडकीतली मुलगी. तिचं नाव काय?" मला माहीत नव्हतं. "मलाही नाही," म्हणाले, आणि बाहीचं बटण नीट करत निघून गेले.

सुमेधाबाई शिक्षकखोलीत डबा उघडून बसल्या होत्या. मी दारातूनच म्हटलं, "बाई, रतनमामांना काही बोलू नका. चूक माझी आहे. मी असं सगळ्यांसमोर विचारायला नको होतं."

"बस," त्या म्हणाल्या. मी बसले. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, खाल्ला. "रतनला मीच सांगून ठेवलंय. फार उशिरा आलेल्यांना मागून घे म्हणून. दहा घरची धुणीभांडी करून पोरांना पाठवणाऱ्या आया आहेत इथे, मला काय कळत नाही?"

"मग तुम्ही समोर का उभ्या राहता?"

"कुणीतरी उभं दिसायला लागतं. संस्थेला दिसायला लागतं, पालकांना दिसायला लागतं. नाहीतर उद्या सगळेच नऊला येतील." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "मी उभी राहते, रतन सोडतो. आमचं चाललंय बरं. पण त्या मुलीला हे माहीत नाही. तिला वाटतं, मी तिला उन्हात उभं करायला टपलेय." हे त्या अगदी सपाट आवाजात, डब्याकडे बघत म्हणाल्या. त्यांना लागलं होतं. मला त्यांच्याबद्दल इतकं वाईट वाटेल असं सकाळी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. सत्ता कशी असते याचं पुस्तकं वाचून मी एक चित्र मनात केलं होतं, त्यात तिला गुडघेदुखी नव्हती, आणि पोळीभाजीचा डबा तर नव्हताच.

"माझं नाव..." मी सुरुवात केली.

"तुझं नाव मी वर घालणार आहे," त्या म्हणाल्या. "बोलतं करता येतं तुला. मला आता होत नाही ते. पण एक सांगते. गेटची ड्यूटी पण तुझ्याकडे. माझे गुडघे गेलेत. जून कशाला, उद्यापासूनच उभी राहा, सराव म्हणून."

"मी कुणाला ग्राउंडवर उभं नाही करणार, बाई."

"नको करूस. काय करायचं ते तू ठरव. मला कुठं सापडलं?" त्या हसल्या, पहिल्यांदाच. "पण गेट रिकामं ठेवायचं नाही."

मी हो म्हटलं. विचार करायला वेळ मागितला असता तर त्यांनी दिला असता, पण मला वेळ नको होता. पप्पांना फोन केला आणि सांगितलं, नोकरीचं होईल बहुतेक. ते म्हणाले, "शिकवायचीच ना?" मी म्हटलं, शिकवायची आणि गेटवर उभं राहायची. "मग जमंल," ते म्हणाले, "उभं राहायची सवय आपल्याकडं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेळेआधी समोरच्या गेटशी जाऊन उभी राहिले. हात कुठे ठेवायचे हा पहिला प्रश्न आला. मागे बांधले तर पोलीस, पुढे घेतले तर बाई, म्हणून ओढणी धरून उभी राहिले. मुलं येत होती, "गुड मॉर्निंग टीचर," काही जण कालचा त्रिकोण आठवून दात काढत होते. अनिमेष गिरणीकडून आला आणि लांबूनच ओरडून म्हणाला, "कुत्रा आज पण होता." मला छान वाटत होतं. घंटा झाली, प्रार्थना सुरू झाली, रस्ता मोकळा झाला. मी ठरवलं होतं, उशिरा येईल त्याला नुसतं हसून आत घ्यायचं, हाच माझा पहिला नियम. आणि कोपऱ्यावरून श्रिया धावत आली. दप्तर एका खांद्यावर, एक वेणी सुटलेली. गेटशी मी आहे हे तिने पाहिलं आणि पाय थांबवले. मी हात वर करून तिला ये म्हणून खूण केली. तिने मला नीट ओळखलं. खुशीत हसली, तिनेही हात हलवला, "गुड मॉर्निंग टीचर" म्हणाली. आणि मागच्या गेटच्या गल्लीत वळली. मला फार वाईट वाटलं; समोरच्या गेटवर कुणीही उभं असलं तरी तिला सारखंच होतं. पण मी गेट सोडलं नाही. मला आता रोज इथेच उभं राहायचं होतं, आणि तिला उशीर रोजच होणार होता.